मावळातील चार मुक्काम
(वार्षिक संमेलनातील भाषण)



प्रवासाची हकीकत सांगावी अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा आम्हांस प्रथम हसूच आले. काशी नाही, रामेश्वर नाही. गेल्या वैशाखात सहकुटुंब मावळात चार रात्री तंबूत काढल्या, एवढाच आमचा पराक्रम! आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियात होते. मोटारीवर तंबू लादून तेथील ओसाड मुलखातील लहानलहान गावे हिंडण्याची रीत त्यांनी पाहिली होती. आपल्याकडे असे का होऊ नये, या त्यांच्या प्रश्नास आम्हांजवळ गुडघेदुखीवाचून उत्तर नव्हते, आणि ते देण्याची लाज वाटली.

द्रुतगती मार्ग टाळून जुन्या रस्त्याने निघालो. १७७९ साली इंग्रजांस जेथे मराठ्यांशी तह करणे भाग पडले, त्या वडगावास नातवंडांना थोडा इतिहास पाजला. कामशेतच्या बाजारात इंद्रायणी तांदूळ घेतला, बेडशाची लेणी पाहिली आणि सायंकाळी पवनेच्या जलाशयाकाठी पोहोचलो. तेथे दोन रात्री राहिलो.

या काठी आता तंबूंच्या रांगा लागतात, आणि शनिवारी रात्री कर्ण्यांचा गोंगाट असा की आकाशातील चांदण्यांनीही कानांवर हात ठेवावेत. आम्हांस जागा देणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. सकाळी चहा घेऊन आले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी "तुमचं गाव कोणतं?" असे सहज विचारले. त्यांनी पाण्याकडे बोट केले. "त्या तिथं आमच्या बापाचं शेत व्हतं, आक्का. आता बारा म्हैने पाण्याखाली हाय. यवढं वलित कुनाला मिळतंय?" ते हसले. आम्हांस हसवेना.

हे धरण १९७०च्या दशकाच्या आरंभी पुरे झाले. अनेक धरणग्रस्तांचे पुनर्वसन त्यानंतर कित्येक दशके रखडले. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तीन जीव गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की शिळींबजवळचे वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते. ते पाहून धाकट्या नातीने विचारले, "आजोबा, देवाचं पुनर्वसन झालं का हो?" चाळीस वर्षांच्या अध्यापनात असा प्रश्न आम्हांस कोणी घातला नव्हता.

आमचा तंबू ज्या जमिनीवर होता, ती शहरातील कोणा धनिकाची. आमचे यजमान ती भाड्याने घेऊन तंबू ठोकीत. खरेदी करणाऱ्याने आपल्या शेजाऱ्याची बांधावरची वाटही बंद केली, असे ते म्हणाले. खरेखोटे आम्ही पारखलेले नाही.

तिसरा मुक्काम भाज्यास झाला. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेला लोहगड आम्ही पायथ्यापासूनच वंदिला. मुले वर जाऊन विंचूकाट्याच्या टोकाला शिवून आली. चौथा मुक्काम कार्ल्याच्या पायथ्याशी. तेथील चैत्यगृहात फार जुने शिलालेख आहेत. त्यांपैकी एकात करजिक नावाचे गाव वर्षावासासाठी येणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहास दिल्याचे नमूद आहे. दुसऱ्यात मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्याच, अधिकाऱ्यास उद्देशून तशीच आज्ञा आहे. आलेल्यागेलेल्याची सोय व्हावी म्हणून येथे गावाचे उत्पन्न तोडून दिले जात होते. आता आलेल्यागेलेल्यांच्या सोयीसाठी गावच विकत घेतले जात आहे.

लोणावळ्यास चिक्की घेतली व परतलो. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

पवनेकाठी दोन एकर जागा घेऊन ज्ञातीचे आरोग्यभवन बांधावे, असा ठराव आज चौथ्या क्रमांकावर आहे. सूचक आमचे स्नेही आहेत, त्यांचा हेतू निर्मळ आहे. तथापि तेवढीच रक्कम दरवर्षी थोडीथोडी खर्चून ज्ञातीतील मुलांना तेथील शेतकऱ्यांच्या तंबूत, त्यांना रास्त भाडे देऊन उतरवावे, अशी उपसूचना आम्ही लिहून आणली आहे. तिला अनुमोदक अद्याप मिळालेला नाही.