वर्गांतली गैरहजेरी



माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. पाढे म्हणतां म्हणतां तो मध्येंच थांबे. दृष्टि शून्यांत लागे, पापण्या किंचित् फडफडत, आणि आठ-दहा सेकंदांनीं, जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें, तो पुन्हां म्हणूं लागे. मधल्या ओळी कोठें गेल्या, असें विचारलें कीं तो चकित होऊन माझ्याकडे पाही. त्याचें हें चकित होणें मी लबाडी समजलों. त्याला अनेकदां बांकावर उभें केलें. दोनदां छडीही दिली. पुढें त्याच्या मामानें त्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां कळलें कीं, त्याला एक प्रकारचा अपस्मार आहे. ह्या विकाराचें नांवच ‘ॲब्सेन्स’, म्हणजे गैरहजेरी. मी हजेरीपटावर त्याला रोज हजर मांडीत होतों!

निवृत्तीनंतर ह्या विषयावर मिळेल तें मीं वाचलें. ह्या विकारांतला एक मोठा धागा कॅल्शियमपर्यंत जातो. कॅल्शियम म्हटलें कीं आपणांस दूध आणि हाडें आठवतात. पण शरीरांत तें निरोप्याचेंही काम करतें. लंडनचे डॉ. सिडनी रिंगर बेडकाचें हृदय क्षारजलांत धडधडत ठेवीत. १८८३ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, आपलें पूर्वीचें द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याचें नसून नळाच्या पाण्याचें होतें; शुद्ध पाण्याच्या द्रावणांत तेंच हृदय लौकर थंडावे. नळाच्या पाण्यांत कॅल्शियम होतें, एवढाच भेद.

मेंदूंतही हाच निरोप्या राबतो. मज्जापेशीच्या आंत, बाहेरच्या मानानें, सुमारें दहा हजारांवा हिस्सा मुक्त कॅल्शियम असतें. पेशी तें अखंड बाहेर उपसते. म्हणूनच पडद्यांतलें एखादें दार क्षणभर उघडून थोडे कण आंत शिरले, तरी तो मोठा निरोप ठरतो. दार वेळीं मिटलें नाहीं तर अनर्थ होतो. पक्षाघातांत रक्त तुटलें कीं हे कण लोटासारखे आंत शिरतात आणि पेशीचींच पाचक द्रव्यें तिला खातात.

माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट सौम्य, पण अधिक नवलाची. ह्या दारांची एक जात अशी आहे कीं, तिला उघडण्यास विजेचा अल्पसा धक्का पुरतो. मात्र त्यापूर्वीं पेशी कांहीं काळ शांत असावी लागते. मेंदूच्या गाभ्यांतील थॅलॅमस नांवाच्या भागांत हीं दारें विपुल आहेत. डोळ्यांचे, कानांचे, त्वचेचे संदेश तेथूनच पुढें जातात. टपालाची मुख्य कचेरीच म्हणा ना. जागेपणीं तेथील पेशी संदेश जसाच्या तसा पुढें धाडतात. गाढ झोंपेंत मात्र हीं दारें लयीनें उघडतात, पेशी झुंडीनें स्फुरतात आणि बाहेरची वार्ता अडते. निजेला हें योग्यच. विकारांत थॅलॅमस आणि मेंदूचा बाह्यभाग भर जागेपणीं एका लयींत गुंततात. गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स ह्यांनीं १९३५ सालीं विजेच्या आलेखावर ही लय दाखविली: सेकंदाला सुमारें तीन लाटा. तेवढा वेळ मूल उभें असतें, पण नसतें.

एथोसक्सिमाइड हें औषध ह्या विकारावर १९६० पासून वापरांत होतें. तें ह्याच दारांतला प्रवाह कमी करतें, हें १९८९ सालीं दिसून आलें. गुण आधीं, कारण मागाहून! दूध कमी-अधिक केल्यानें मात्र ह्यांत फरक पडत नाहीं. दोष सांठ्यांत नसून दारांच्या वेळेंत आहे.

तो मुलगा परवां भेटला. झटके वयाबरोबर थांबले, असें म्हणाला. मीं छडीचा विषय काढला. “आठवते, गुरुजी,” तो म्हणाला, “कशासाठीं होती तें मात्र तेव्हां कळलें नव्हतें.”

ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांनीं, तें किती सेकंद थांबतें, पापण्या हलतात काय, हांक मारल्यास किंवा स्पर्श केल्यास भानावर येतें काय, एवढें टिपून डॉक्टरांस सांगावें. डॉक्टर बहुधा त्याला दोन-तीन मिनिटें जोरानें श्वास घ्यावयास किंवा भिरभिरें फुंकावयास सांगतील, आणि पुष्कळदां तें त्यांच्या डोळ्यांदेखत थांबेल.