मूल दवाखान्यात असतां



मूल दवाखान्यात दाखल झाले की घरची कर्ती मंडळी व्हरांड्यात बसतात आणि आई आत एकटी पडते. तिला विचारण्याचे धैर्य होत नाही. आजार कोणता, सुई कशाची, कागदावर सही कशासाठी, हे विचारणे तिचा हक्कच आहे.

एके काळी विलायतेतही आईला ठरावीक वेळीच मुलाजवळ जाऊ देत. १९५९ साली तेथील प्लॅट समितीने हे बंधन काढण्यास सांगितले. आपल्याकडे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यांत आजारी नवजात बालकास औषध, तपासणी व ने-आण मोफत केली; पुढे ती सोय वर्षाच्या बाळापर्यंत वाढविली. अमरावतीचे डफरीन असो की अकोल्याचे लेडी हार्डिंग, चिठ्ठी घेऊन बाजारात धावण्यापूर्वी हे आठवावे.

आतां आपली बाजू. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याला तापल्या विळ्याने डाग देतात. त्यास डंबा म्हणतात. आपण शहरवाल्यांनी नाक मुरडू नये. आपणही घुटी, काढा, शेजारणीकडची अर्धी गोळी देतोच, आणि डॉक्टरांनी विचारले की "काही दिले नाही" म्हणतो. रागावतील ना! पण त्या लपवण्याने उपचार चुकू शकतो. रागावू देत, काय दिले, केव्हा दिले, सारे सांगावे.

आणि सासूबाईंनो, डबा जरूर आणा, सोबत सारी आळी नको. हात धुऊन दोन तास बाळाजवळ बसा, म्हणजे सुनेचा डोळा लागेल.