मापात पाप कोणाचे?



गवळी उंचावरून दूध ओततो तेव्हा मापात फेस किती नि दूध किती, हे भांडण आपल्या घरोघरी झालेले आहे. आज आम्ही सांगणार आहोत ते भांडण त्याच जातीचे. फरक इतकाच, की येथले दूध उणे १८३ अंशांवर उकळते.

एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला गेले आणि प्राणवायू भरून परतले, हे आपण विसरला नसाल. तो प्राणवायू द्रवरूप होता. त्याच्या एका लिटरचा साडेआठशेवर लिटर वायू होतो. त्याआधी दोन वर्षे, २०१९ साली, असाच टँकर चालविणाऱ्या आमच्या एका सभासदाला घरी बसविण्यात आले. टँकरवरच्या मीटरने जेवढे लिटर ओतल्याचे दाखविले, तेवढे इस्पितळाच्या टाकीत भरलेच नाहीत. मालकांचे उत्तर तयार होते : ड्रायव्हरने वाटेत विकले. हा माल काही डब्यात भरून घरी नेता येत नाही, एवढे तरी त्यांस कळावयास हवे होते, असो.

आमचे शिक्षण बेताचे. तेव्हा मीटर उघडणाऱ्या फिटरलाच आम्ही गुरू केले. त्याने दाखविले, की नळीत एक चाक असते आणि त्याच्या फेऱ्या मोजून लिटर काढतात. चाकाला काय गेले ते कळत नाही. किती वेगाने गेले, तेवढेच कळते. नळी बाहेर उन्हात, आणि हा द्रव तर उत्कलनबिंदूच्या उंबरठ्यावरच बसलेला. जरा ऊब लागली की बुडबुडे! त्यांचा हिशेब मोठा फसवा. वातावरणाच्या दाबाखाली उकळत असता एक घनमीटर द्रवाचे वजन सुमारे ११४० किलो, तेवढ्याच वाफेचे साडेचार. म्हणजे वजनाने शंभरातला एकच भाग वाफ झाला आणि दोन्ही एका वेगाने वाहिले, तरी नळीतली सुमारे सत्तर टक्के जागा वाफच अडवून बसते. चाक भिंगरीसारखे फिरते आणि आकडा फुगतो. वास्तविक दोघे एका वेगाने चालतही नाहीत. वाफ पुढे पळते, द्रव मागे रेंगाळतो.

आम्ही मागणी केली, की टँकर भरलेला आणि रिकामा, दोन्ही वेळा वजनकाट्यावर चढवा. काट्याला वाफ काय नि द्रव काय, किलो ते किलो. ड्रायव्हर दुसरा देऊन तीन खेपा तपासल्या. टँकरचे घटलेले वजन इस्पितळाच्या टाकीशी जवळजवळ जुळले. त्या टाकीचा काटा द्रवाच्या उंचीचा दाब मोजतो, म्हणजे एका परीने वजनच. किंचित तूट होती ती गरम नळी थंड करताना उडालेल्या मालाची. मीटर मात्र तिन्ही वेळा पुढेच!

उपाय अवघड नाही. मीटरच्या अलीकडे पंपाने दाब वाढवावा, म्हणजे उत्कलनबिंदू वर सरकतो नि बुडबुडे विरतात. नळी पुरती थंड होईतो आकडा सुरू करू नये. बुडबुडे टळतच नसतील, तर एका यंत्राने भागत नाही. द्रव आणि वाफ यांचा विद्युतगुण निराळा असतो. त्यावरून नळीत द्रव किती ते काढावे लागते आणि वेग वेगळा मोजावा लागतो.

आमचा ड्रायव्हर चार महिन्यांनी कामावर रुजू झाला. मधल्या पगाराबद्दल मालक म्हणाले, मीटरची चूक आमची नव्हे. मग ती ड्रायव्हरची कशी होती, हे आम्ही त्यांस लेखी विचारले आहे.