आकाशातला खर्च, जमिनीवरचा हिशेब

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



ज्या देशात आजही अनेक शाळांना साधी प्रयोगशाळा नाही, त्या देशाने चंद्रावर यान उतरवण्यासाठी शेकडो कोटी रुपये खर्च करावेत काय? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात उतरले आणि देशभर जल्लोष झाला. त्या आनंदातही हा प्रश्न विचारणारे होते. त्यांना अरसिक ठरवून गप्प बसवणे योग्य नव्हे. करदात्याने हिशेब मागावा, हे सुदृढ लोकशाहीचे लक्षण आहे. शिवाय हा प्रश्न नवाही नाही. भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या जनकाने त्याला फार पूर्वी तोंड दिले होते.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण आकाशात गेला. चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते, म्हणून ही जागा निवडली गेली. तेथील चर्च आणि बिशपांचे निवासस्थान या कार्यासाठी रिकामे करून देण्यात आले आणि त्याच वास्तूंत पहिली कार्यालये थाटली गेली. अग्निबाण अमेरिकेने दिलेला होता. पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे हे त्या पहिल्या तुकडीतील तरुण अभियंत्यांपैकी एक. गरीब देशाला हा खटाटोप कशासाठी, असे विचारणाऱ्यांना डॉ. विक्रम साराभाई यांचे उत्तर निःसंदिग्ध होते. चंद्रावर जाण्यात किंवा मानवी उड्डाणांत श्रीमंत राष्ट्रांशी स्पर्धा करण्याची हौस भारताला नाही. मात्र माणसाच्या आणि समाजाच्या खऱ्या अडचणी सोडवण्यासाठी प्रगत तंत्रज्ञान वापरण्यात भारत कोणाच्याही मागे राहता कामा नये. ही कसोटी त्यांनीच घालून दिली. तिच्यावरच या खर्चाची पारख व्हायला हवी.

प्रथम रकमेचा विचार करू. २०२४-२५ या वर्षी अवकाश विभागासाठी सुमारे १३ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. केंद्राचा एकूण अर्थसंकल्प ४८ लाख कोटींच्या घरात होता. म्हणजे शंभर रुपयांतले सुमारे २७ पैसे. दर नागरिकामागे वर्षाला शंभर रुपयांहूनही कमी. त्याच वर्षी केंद्रीय शिक्षण मंत्रालयासाठीची तरतूद याच्या नऊपटीहून अधिक होती. चांद्रयान-३ मोहिमेचा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये. परंतु रक्कम लहान आहे, एवढ्यावरून खर्च योग्य ठरत नाही. लहान रक्कमही वाया जाऊ शकते. त्या २७ पैशांतून काय उभे राहिले, हा खरा मुद्दा आहे.

ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. शेती, आरोग्य आणि शालेय विषयांवरचे कार्यक्रम हिंदी, कन्नड, ओडिया आणि तेलुगू या भाषांतून दाखवले गेले. ज्ञान लोकांच्या भाषेत पोहोचवायचे, हा विचार त्या प्रयोगाच्या मुळाशी होता. ठरलेली मुदत संपताच तो उपग्रह परत गेला. तेव्हा आपल्या मालकीच्या उपग्रहाचे मोल ध्यानात आले आणि पुढे इन्सॅट मालिका उभी राहिली.

आता ओडिशाची दोन वादळे पाहा. ऑक्टोबर १९९९ मधील महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसांचा बळी घेतला. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन हे तसेच भीषण वादळ आले, तेव्हा मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. कल्पना-१ आणि इन्सॅट-३डी हे उपग्रह त्या वादळावर सतत डोळा ठेवून होते. मात्र सारे श्रेय उपग्रहांना देणे अन्यायाचे होईल. वादळ येत असल्याची सूचना १९९९ सालीही मिळाली होती. पण निवारे अपुरे होते आणि स्थलांतराची व्यवस्था तोकडी होती. मधल्या चौदा वर्षांत किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले आणि अधिकाऱ्यांनी लाखो लोकांना वेळेत हलवले. उपग्रहाने वेळ दिला. त्या वेळेचे सोने जमिनीवरच्या माणसांनी केले.

याच्या उलट उदाहरणही आहे. सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालाने त्याच्या वापरातील उणिवांवर बोट ठेवले. आकाशात उपग्रह होता. पण जमिनीवर जोडणी, पाठांची निर्मिती आणि व्यवस्थापन कमी पडले. अवकाशातला खर्च सार्थकी लागतो की नाही, याचा निकाल असा बहुधा जमिनीवरच लागतो. म्हणूनच ‘शाळा की उपग्रह’ ही निवडच चुकीची मांडली जाते. शाळा दुबळ्या राहिल्या, तर उपग्रहही निरुपयोगी ठरतो.

चंद्र, मंगळ आणि मानवी उड्डाण यांचे काय? येथे साराभाईंची कसोटी अधिक कठोर होते. २००८ सालच्या चांद्रयान-१ ने चंद्रपृष्ठावर पाण्याच्या खुणा शोधण्यात मोलाचा वाटा उचलला. ही मानवजातीच्या ज्ञानात पडलेली भर आहे आणि ज्ञानाची किंमत केवळ तात्कालिक लाभाने करता येत नाही. मात्र गगनयान कार्यक्रमासाठी मंजूर झालेली रक्कम आता २० हजार कोटींच्या पुढे गेली आहे. एवढ्या खर्चाला केवळ अभिमान हे पुरेसे समर्थन नाही. हवामान, शेती, मासेमारी यांसाठीच्या उपग्रहांचा निधी त्यापायी आटू नये आणि मिळालेले ज्ञान विद्यापीठांपर्यंत, शाळांपर्यंत यावे, ही मागणी जनतेने सातत्याने केली पाहिजे. त्या अटीवर हा खर्च करण्याजोगा आहे.

अपयशाचाही हिशेब विसरू नये. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा प्रक्षेपक बंगालच्या उपसागरात कोसळला. तो खर्च पाण्यात गेला, असे त्या दिवशी कोणीही म्हटले असते. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रक्षेपकाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या वेळी विक्रम साराभाई अवकाश केंद्राची धुरा डॉ. वसंतराव गोवारीकर यांच्याकडे होती आणि त्यांनी जोपासलेले घन इंधनाचे तंत्र त्या यशाचा आधार होते.

भारतीय अवकाश कार्यक्रम आणि ही शाळा वयाने जवळपास बरोबरीच्या आहेत. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा कशासाठी चालवायची, असा प्रश्न या शाळेलाही सहा दशके विचारला गेला असेल. त्याचेही उत्तर एका वर्षाच्या ताळेबंदात सापडत नाही. ते या सभागृहात बसलेल्या पिढ्यांत सापडते. मुलांनी आकाशाकडे पाहून प्रश्न विचारावेत आणि मोठे झाल्यावर खर्चाचा हिशेबही मागावा. या दोन्ही सवयी शाळेतच लागतात. हीरक महोत्सवी वर्षात पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या प्रयोगशाळेकडे व ग्रंथालयाकडे विशेष लक्ष द्यावे, एवढीच विनंती.