मुलीला आधी विचारा, मग फॉर्म भरा

(3 जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त प्रभागसंघाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या निम्म्या ताई आज इथं नाहीत, त्या उसाच्या फडात आहेत. त्यांच्या मुली मात्र गावात आजीजवळ आहेत आणि काहींची दहावी-बारावीची परीक्षा जवळ आलीय. आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगते.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या कामाला लागले, तेव्हा मला वाटायचं की आपल्याला सगळं कळतं. 2025 साली अकरावीचा प्रवेश सगळ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाला. गावात कुणाला काही समजेना. एका ताईची मुलगी 78 टक्के मार्क घेऊन माझ्याकडं आली. मी म्हटलं, "एवढे मार्क, सायन्सच घे." माझ्याच मोबाईलवर फॉर्म भरला आणि एक नंबरला तालुक्याचं नावाजलेलं कॉलेज टाकलं. तेच लागलं. एक नंबरचं कॉलेज लागलं की तिथंच प्रवेश घ्यावा लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तिनं घेतला. मी पेढे खाल्ले.

प्रॅक्टिकल सुटायचं साडेचारला. आमच्या गावची शेवटची एसटी चार वाजता. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो तिच्याकडं होता. पास होता, पण गाडी नव्हती. दोन महिने ती काळीपिवळीनं आली. आजी म्हणाली, "अंधाराचं येणं नको." दसऱ्यानंतर आई-बाप तोडीला गेले, दिवाळीनंतर पोरगी घरी बसली. मग स्थळ यायला लागलं. वय सोळा.

मी धावत गेले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, मला नर्स व्हायचं होतं. तुम्ही विचारलंच नाही."

एएनएम हा नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स आहे. त्याला बारावी कोणत्याही शाखेची चालते. शेजारच्या गावात चार किलोमीटरवर आर्ट्सची अकरावी-बारावी आहे. मुली तिथं सायकलवर जातात. हे मला माहीत होतं. फक्त ते तिच्यासाठी आहे, हे माहीत नव्हतं.

म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक ग्रामसंघानं एक ताई नेमावी. तिला शिक्षणताई म्हणा, काहीही म्हणा. ती पदवीधर नसली तरी चालेल. पोरींचं ऐकून घेणारी आणि वहीत लिहून ठेवणारी हवी. सुरुवात कशी करायची, ते माझ्या ठेचेतून शिकलेलं सांगते.

पहिलं, वही करा. गावातल्या दहावी-बारावीच्या मुलींची नावं आत्ता, जानेवारीतच लिहा. निकाल लागल्यावर सुरू केलं तर उशीर होतो.

दुसरं, मुलीशी एकटीशी बोला. आई-बापासमोर पोरी "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतात. चार गोष्टी विचारा. तुला काय आवडतं? जायची-यायची सोय काय, परतीची गाडी किती वाजता? आई-बाबा गावात नसतात तेव्हा घरात कोण असतं, घरकाम कुणावर पडतं? आणि वर्षाला किती पैसे घालता येतील? मग वडिलांशी, आजीशी बोला. आजीला वगळून आपल्याकडं काही होत नाही.

तिसरं, वाटा सांगा, पण निवड तिला करू द्या. दहावीनंतर अकरावी आहे, आयटीआय आहे, तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. डिप्लोमा केलेल्या मुलीला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र बायोलॉजीसह सायन्स लागतं, हे आधीच सांगा. नापास झाली तर "लग्न करून टाका" हे पहिलं वाक्य तोंडातून यायला नको. पुरवणी परीक्षा असते. दहावीत एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला जाता येतं.

चौथं, कागद. आपल्याकडं कागदांचं वेळापत्रक ऊसतोडीवर ठरतं. जातीचा दाखला, डोमिसाइल हे दसऱ्याच्या आत, आई-बाप निघायच्या आधी काढा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेयर यांची मुदत 31 मार्चला धरून असते, म्हणून ते लोक परत आल्यावर एप्रिल-मेमध्ये बघा. बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला राखीव जागेवर जायचं तर जात वैधता लागते. तिचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत टाका, वेळ लागतो. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का ते तपासा, नाहीतर महाडीबीटीची शिष्यवृत्ती मंजूर होऊनही अडकते.

पाचवं, पैसा. जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. कुणी एजंट "मॅनेजमेंटमधून करून देतो" म्हणाला तर ही माफी गेली समजा. एससी-एसटी मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. पण राहणं, मेस, पुस्तकं यांचा खर्च उरतोच. वसतिगृहाचा अर्ज वेळेत टाका, आणि सुरुवातीच्या खर्चाला आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज कामाला येतं. शेळीसाठी देतो, तसं पोरीच्या पुस्तकांसाठी देऊ.

सहावं, फॉर्मचा पासवर्ड आणि मोबाईल नंबर मुलीच्या वहीत, तिच्या हातानं लिहून ठेवा. सेतूवाल्याचा नंबर टाकला की पुढचा ओटीपी त्याच्याकडं जातो, आणि आपण त्याच्या दारात बसतो.

आणि शेवटचं. जे माहीत नाही ते "माहीत नाही, विचारून सांगते" असं म्हणा. आयटीआयत जाऊन विचारा, कॉलेजात जाऊन विचारा. मला हे म्हणायची लाज वाटली होती. त्या लाजेची किंमत एका पोरीनं भरली.

ती मुलगी सध्या आजीजवळच आहे. या जूनला शेजारच्या गावात आर्ट्सला पुन्हा अकरावी घ्यायची, असं तिनं ठरवलंय. आजी तयार आहे. तिच्या आईशी फडातून फोनवर बोलले. ती म्हणाली, "जूनपर्यंत स्थळाला थांबवते, पुढचं तुम्ही बघा." मी म्हटलं, "मी नाही ताई, आपण बघू."

जून पाच महिन्यांवर आहे. आज घरी जाताना आपल्या वाडी-वस्तीवरच्या एका तरी मुलीच्या घरी थांबा आणि तिला विचारा, "तुला काय व्हायचंय गं?" वहीचं पहिलं पान तिथूनच सुरू करा.

जय सावित्री!