आधी वैरण, मग गाय



गाय विकत घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, “दूध किती देते?” दुसरा विचारतो, “किंमत किती?” तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि खरे पाहता पहिला मान त्याचाच आहे: “घरी वैरण काय आहे?” मी पशुवैद्य नाही. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस आहे. परंतु गोठा हाही एक संसारच. तिथेही जमा आहे, खर्च आहे आणि पुष्कळशी नासाडीही आहे. त्या जमाखर्चाविषयी आज चार गोष्टी सांगणार आहे.

हा तिसरा प्रश्न न विचारल्याने काय होते, ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यांत यवतमाळ होते. शेतीला जोडधंदा हवा म्हणून शेतकऱ्यांना अनुदानावर संकरित गायी देण्यात आल्या. हेतू चांगलाच होता. पण कोरडवाहू शेत, उन्हाळ्यात आटणारी विहीर आणि हिरव्या चाऱ्याचे नाव नाही, अशा घरी ती गाय आली. तिला ढेप विकत आणावी लागे, वैरणही विकत आणावी लागे. घरच्या माणसांपेक्षा गाईच्याच पोटाला जास्त लागते, असे लोक म्हणू लागले. अनेकांनी त्या गायी विकल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या. दोष गाईचा नव्हता आणि शेतकऱ्याचाही नव्हता. क्रम चुकला होता. गाय आधी आली, वैरण मागे राहिली.

मग आपल्याकडची वैरण गेली कुठे? पूर्वी वऱ्हाडात कपाशी आणि ज्वारी ही जोडी होती. ज्वारीने माणसाला भाकर दिली आणि जनावराला कडबा दिला. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, पण ताटे बुटकी झाली. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारीचे वावरच आकसले. घरामागच्या कडब्याच्या गंज्या दिसेनाशा झाल्या. परंतु शेत अगदीच रिकामे राहिले, असे नाही बरं का! सोयाबीनचे कुटार आहे, तुरीचे कुटार आहे, हरभऱ्याचे आहे, गव्हाचा गव्हांडा आहे. यांतले किती आपण गोठ्यात आणतो आणि किती धुऱ्यावर पावसात भिजू देतो किंवा पेटवून देतो, याचा ज्याने त्याने विचार करावा. सरकीचे तर विचारूच नका. कापूस आपल्या शेतातून जातो, त्याच्या पोटातली सरकी तेलघाणीत जाते, आणि तिचीच ढेप आपण दुकानातून पोत्याच्या भावाने परत आणतो!

आता मुख्य हिशेब पाहू. जनावर जे खाते, त्याचा पहिला वाटा त्याच्या स्वतःच्या देहाला जातो. श्वास घेणे, चालणे, रवंथ करणे, अंग धरून राहणे, हे सगळे त्या वाट्यावर चालते. तो भागल्यावर जे उरेल, त्याचे दूध होते, वासरू वाढते, बैलाच्या खांद्यात बळ येते. समजा, हा पहिला वाटा रोज साठ रुपयांचा आहे. गाय दोन लिटर दूध देत असेल, तर लिटरमागे हा बोजा तीस रुपये पडला. सहा लिटर देत असेल, तर दहाच रुपये पडला. म्हणून चार जनावरे अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दोन पोटभर ठेवावीत. अर्धपोटी गाय मालकाचा खर्च वाचवत नाही. ती पहिला वाटा खाऊन मोकळी होते आणि दुसऱ्या वाट्याला काही उरतच नाही.

पोटभर म्हणजे किती? जनावराच्या शंभर किलो वजनामागे रोज सुमारे अडीच किलो कोरडा अंश लागतो. कुटार जवळजवळ सगळेच कोरडे असते. हिरव्या चाऱ्यात मात्र तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणीच असते. तेव्हा नुसता भारा पाहून समाधान मानू नये. दुभत्या गाईला देहापुरती साधारण एक ते दीड किलो ढेप-भरडा आणि त्यावर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, असा ठोकताळा आहे. म्हशीचे दूध घट्ट, म्हणून तिला दर दोन लिटरमागे एक किलो धरावे. सरकीची ढेप चांगली, पण एकट्या ढेपेवर भिस्त ठेवू नये. चुनी, कोंडा, मक्याचा भरडा जोडीला असावा. लहान वासरांना तर सरकी देऊच नये, तिच्यातले एक द्रव्य त्यांना बाधते.

पैसा फारसा न लागणारे उपाय पहा. कडबा कापून, कुट्टी करून घाला. अख्खा टाकला की जनावर पाने खाते आणि धांडे पायाखाली तुडवते. कुटार पावसाआधी आडोशाला आणा, बुरशी लागलेले घालू नका. रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, चांगले मूठभर मीठ द्या. खनिजे कमी पडली की गाय वेळेवर माजावर येत नाही आणि भाकड दिवसांचा खर्च डोक्यावर बसतो. पाणी दोन वेळा दाखवण्याऐवजी जवळ ठेवा. आपल्या मे महिन्यात चाळीस-पन्नास लिटर पाणी गाय सहज पिते. धुऱ्यावर शेवरी, सुबाभूळ, दशरथ घास लावा. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको.

गव्हांडा किंवा कडब्याची कुट्टी निकृष्ट वाटत असेल, तर युरियाची प्रक्रिया करता येते. शंभर किलो कोरड्या वैरणीला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थरावर थर शिंपडावा. प्रत्येक थर पायाने दाबावा आणि वर प्लास्टिक घालून हवाबंद करावे. एकवीस दिवसांनी रोजच्यापुरती वैरण काढून तासभर वाऱ्यावर पसरावी, मग घालावी. सुरुवात थोड्याने करावी. येथे एक गोष्ट कानात साठवून ठेवा: युरिया तोलूनच घ्यायचा, अंदाजाने नाही. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागता कामा नये, ते विष आहे. सहा महिन्यांच्या आतील वासरांना ही वैरण देऊ नये. पहिल्या वेळी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांना विचारून करा.

काही देशांत मांसासाठी गुरे पोसतात आणि किती किलो चाऱ्यात किती किलो वजन वाढले, याचा काटेकोर हिशेब ठेवतात. आपल्या राज्यात गोहत्येला बंदी होतीच. २०१५ च्या सुधारणेने बैलही त्या कायद्यात आले. म्हणजे आपले माप वेगळे: दूध, ओढकाम आणि शेण. शिवाय थकलेल्या जनावराची वैरणही आपल्याच कोठारातून निघायची. तेव्हा वाया जाणारी प्रत्येक पेंढी आपल्याला अधिकच महाग पडते. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी भरवतो; पण बैलाचे खरे वर्ष चैत्र-वैशाखात ठरते. त्या दोन महिन्यांत जो खंगला, तो मृगाच्या वखरणीला काय टिकणार?

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने २०१२ नंतर देशातील अनेक गावांत घरोघरी जाऊन, घरच्याच वैरणीवर संतुलित आहार बसवून दिला. दूध थोडे वाढले आणि खर्च उतरला, असा त्यांचा अनुभव आहे. अशा हिशेबाची सुरुवात आपल्या शाळेतही करता येईल, आणि म्हणून गुरुजींना एक विनंती आहे. मुलांना शिंप्याची टेप द्या. गाईच्या छातीचा घेर इंचांत मोजा. खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन निघते. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच असेल, तर वजन सुमारे २७३ किलो. तिला रोज पावणेसात किलोच्या आसपास कोरडा अंश हवा. मुलाने हे गणित वहीत केले आणि संध्याकाळी घरी जाऊन वैरण तोलली, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते पटेल.

शेवटी एवढेच सांगतो. सोंगणी-मळणी झाली की कुटाराचे ढीग मोजा, कुठल्या महिन्यापर्यंत पुरतील ते मांडा, आणि मगच दावणीला किती जनावरे बांधायची ते ठरवा. नवी गाय आणायची असेल, तर तिच्या आधी सहा महिने तिचा चारा धुऱ्यावर उगवलेला असू द्या.