संगणकाचा बिघाड आणि अचूक निदान



वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन स्थळे सुपरिचित आहेत. एक वर्धा शहराला लागून असलेली सिंदी (मेघे) आणि दुसरी सेलू तालुक्यातील, नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे). कंसातील एका शब्दामुळे टपाल योग्य गावी पोहोचते. तो शब्द गळला, तर मजकूर बिनचूक असूनही पत्र भलत्याच दारी जाण्याचा संभव असतो. संगणकाच्या बिघाडाबाबत नेमके हेच घडते. तक्रार खरी असते, पण तिचा पत्ता चुकलेला असतो.

सिंदी (रेल्वे)सारख्या कापूस पिकविणाऱ्या मुलखातील गावी सातबाराचा उतारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज ही कामे आता बहुतांशी संगणकाद्वारे होतात. विम्याच्या अर्जाला मुदत असते. त्यामुळे सेवा केंद्रातील यंत्र अडले, की झळ पोहोचते ती रोजी बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला. 'सर्व्हर डाऊन आहे' हे उत्तर त्याच्या परिचयाचे झाले आहे. ते कधी खरे असते, कधी केवळ अंदाज असतो.

एक उदाहरण घेऊ. एका केंद्रातील जुन्या संगणकावर रोज सकाळी संकेतस्थळ उघडत नाही. प्रथम सर्व्हरला, मग इंटरनेट पुरविणाऱ्याला दोष दिला जातो. राउटर बदलूनही गुण येत नाही. मग व्हायरसचा संशय येऊन सारी प्रणाली नव्याने भरली जाते आणि यंत्र सुरळीत चालते. व्हायरसच होता, असे सर्वांचे मत बनते. दुसऱ्या सकाळी पुन्हा तोच प्रकार!

वस्तुतः दोष असतो मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराच्या, तीन व्होल्टच्या सेलमध्ये. वीजपुरवठा बंद असताना संगणकाचे घड्याळ त्यावर चालते. सेल संपला, की रात्री मुख्य बटण बंद करताच तारीख कित्येक वर्षे मागे जाते. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला आरंभाची व अखेरची तारीख असते. चुकीच्या तारखेमुळे ते प्रमाणपत्र अवैध भासते आणि संगणक संकेतस्थळ उघडण्याचे नाकारतो. प्रणाली नव्याने भरताना तारीख दुरुस्त झाली, म्हणून तेवढ्यापुरता गुण आला. उपाय लागू पडला म्हणजे निदान खरे ठरले, असे नव्हे. ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

विदर्भाच्या कडक उन्हाळ्यात भर दुपारी संगणक आपोआप बंद पडतो, तेव्हाही व्हायरसवर खापर फुटते. पंख्यात धूळ व कापसाचे तंतू अडकून यंत्र तापले आहे काय, हे मात्र पाहिले जात नाही. सकाळी नीट चालणारे व थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारे यंत्र आपले दुखणे स्वतःच सांगत असते.

ही चूक केवळ लहान गावातच होते असे नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालावरून संगणकीय घातपाताची शक्यता व्यक्त झाली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र दोन पथकांच्या तपासणीचा हवाला देऊन मानवी चूक हे कारण सांगितले. यंत्रणेत संशयास्पद आज्ञावली आढळणे आणि तिच्यामुळेच वीज गेली हे सिद्ध होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग करावे काय? पडद्यावरील सूचना शब्दशः, तारीख-वेळेसह नोंदवहीत उतरवावी. तेच संकेतस्थळ शेजारच्या संगणकावर उघडून पाहावे. तेथे ते उघडले, तर सर्व्हरला दोष देण्याचे कारण उरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदल एकदम केल्यास कोणत्या बदलाने गुण आला, ते कळत नाही. सेल बदलल्यावरही रात्री वीज बंद ठेवून सकाळी खात्री करावी, मगच निदान पक्के मानावे.

यासाठी मोठ्या तांत्रिक शिक्षणाची गरज नाही. थोडी चिकाटी आणि आपला पहिला अंदाज चुकीचा असू शकतो हे मान्य करण्याची तयारी हवी. एवढे झाले, तरी रांगेतील शेतकऱ्याला नाहक दुसरा हेलपाटा पडणार नाही.